रिकामी कात्री

सलूनवाल्याचा बाप आणि दाढी छातीपर्यंत! गल्लीतल्या लोकांना याच्याइतका फुकटातला विनोद दुसरा मिळत नव्हता. जो तो खुर्चीत बसायचा आणि गळ्याभोवती टॉवेल पडायच्या आत सुरू व्हायचा. "काय रे बारक्या, घरच्या म्हाताऱ्याचा नंबर कधी लागणार?" बारक्या हसायचा. गिऱ्हाइकाच्या विनोदाला हसणं हा धंद्याचाच भाग आहे, त्यात काय एवढं. पण हातातला पाण्याचा फवारा बोलणाऱ्याच्या उघड्या तोंडात सोडावा असं त्याला रोज वाटायचं.

कारण ज्याने ती दाढी करायची तो त्याचा थोरला भाऊ, दादा, तिथेच शेजारच्या खुर्चीमागे उभा राहून हे ऐकत असायचा. मान खाली घालून, मशीनने कुणाचे तरी कल्ले कापत.

दुकान आप्पांनी उभं केलेलं. आप्पा म्हणजे या दोघांचे वडील, तेच ते दाढीवाले. दोन खुर्च्या, भिंतभर आरसा, वाट बघणाऱ्यांसाठी बाकडं आणि त्यामागून वर घरात जाणारा जिना. आप्पांचे हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी दुकान मुलांकडे सोपवलं. कात्री बारक्याची, वस्तरा दादाचा. आणि काय वस्तरा होता तो! दादा दाढी करत असताना लोक खुशाल घोरायचे. तीन गल्ल्या सोडून माणसं यायची, दादा रिकामा नसेल तर बसून राहायची, पण दुसऱ्याच्या हातात गळा द्यायची नाहीत.

दोघं भाऊ शेजारी-शेजारी, आपापल्या गिऱ्हाइकात मान घालून काम करायचे. गिऱ्हाइकासमोर सगळंच बोलता येत नाही, म्हणून आप्पांनी पोरांना एक भाषा शिकवली होती. केस न कापता कात्री नुसती हवेत वाजवायची. रिकामी कात्री. एकदा लांबवून वाजवली की अर्थ, हा बडबड्या आहे, याला लवकर उरक. दोनदा झटक्यात वाजवली की सगळं ठीक, चालू दे. ही भाषा त्या तिघांशिवाय कुणाला ठाऊक नव्हती. लोकांना वाटायचं, न्हाव्याच्या हाताला चाळाच असतो.

तर अशा छान चाललेल्या दुकानात एका दुपारी दादाच्या डोक्यात एक विचार आला. खुर्चीत नेहमीचे मास्तर होते, डोळे मिटून, मान मागे टाकून. वस्तरा हनुवटीखाली होता. आणि आतून कुणीतरी बोलल्यासारखं झालं, आत्ता हा आडवा ओढला तर?

बस. एवढंच. असले विचार कुणाला येत नाहीत? उंच गच्चीवर उभं राहिलं की उडी मारावी असं येतं की मनात, आणि जातं. पण दादाचा विचार गेला नाही. त्याला दरदरून घाम फुटला. आपल्या मनात हे आलंच कसं? आलं म्हणजे आपण करू शकतो. म्हणजे आपण तसलेच आहोत.

त्या दिवसापासून तो विचारायला लागला, "लागत नाही ना?" हे प्रत्येक न्हावी एकदा विचारतो. दादा प्रत्येक ओढीला विचारायचा. गिऱ्हाइकाने "नाही" म्हटलं की पुढची ओढ, की परत "लागत नाही ना?" लोक वैतागले. मग दाढी झाल्यावर तो टॉवेलने गळा पुन्हा पुन्हा पुसायचा आणि कापलंय का बघायचा. मग माणूस बाहेर पडला की कोपऱ्यापर्यंत त्याच्या मागे धावायचा, जिवंत आहे ना बघायला. एकदा एक शिंपी मागे वळून ओरडला, "अहो, दिले ना पैसे!" सगळी गल्ली हसली. बारक्याही हसला, आणि हसता हसता त्याने भावाच्या डोळ्यांत बघितलं. मग नाही हसू आलं.

पुढे दादाने वस्तरा ठेवूनच दिला. "आता मशीनचा जमाना आहे," म्हणायला लागला. घरी बारक्याला आणि वहिनीला तो विचार सांगून टाकला, मी तसं करीन का, असं सकाळ-संध्याकाळ विचारायला लागला, आणि सुऱ्या कुलपात ठेवायला लावल्या. वहिनी, म्हणजे त्याची बायको, बिचारी भाज्या हाताने मोडून शिजवायला लागली. मग एके दिवशी दादा अंथरूण घेऊन खाली आला आणि दुकानातल्या बाकड्यावर झोपायला लागला. घरात माणसं आहेत, म्हणाला, आणि माणसांना गळे आहेत.

आप्पांना यातलं काही सांगितलं नव्हतं. दादाचा खांदा दुखतो, एवढंच. बारक्या एकदा साबण घेऊन वर गेला तर आप्पांनी त्याला जिन्यावरूनच परतवलं. "माझ्या तोंडाला थोरल्याचाच हात लागेल. त्याचा खांदा बरा होईस्तोवर वाढू दे जंगल." म्हातारा भारी हट्टी. जंगल वाढलं, वर्ष झालं.

मग मामाचा फोन आला. दूरच्या गावी मामाचं सिमेंटचं गोदाम होतं, तिथे माणूस हवा होता. दादाने लगेच हो म्हणून टाकलं. "दोन महिन्यांनी निघतो," तो बारक्याला म्हणाला. "दुकान तू बघ. हिला आणि आप्पांना तू बघ."

"आणि तू काय करणार तिथे?"

"पोती उचलणार. पोत्याला गळा नसतो."

वहिनी जिन्यात उभी राहून ऐकत होती. ती ताडताड खाली आली. "जा खुशाल जायचं तर," ती म्हणाली, "पण त्याआधी मी नेईन त्या माणसाला भेटायचं. एवढं तरी माझं ऐका." आणि तिने त्याला दवाखान्यातल्या बाईंकडे नेलं.

बाई म्हणजे मनाच्या आजारावर उपचार करणाऱ्या. वहिनीने सांगितलं की त्या पुढच्या सुट्टीला दुकानातच येणार आहेत, तेव्हा बारक्याला वाटलं कुणीतरी धिप्पाड, करड्या आवाजाचं माणूस असणार. आल्या त्या एक लहानखुऱ्या, पिकल्या केसांच्या बाई, खांद्याला भलीमोठी पिशवी, आणि आल्या आल्या म्हणाल्या, "छान उजेड आहे हो दुकानात."

बारक्याने त्यांना चहा दिला आणि मनातलं ओकून टाकलं. "बाई, तुम्ही शिकलेल्या आहात, तुमचं तो ऐकेल. एकदा सांगा त्याला ठणकावून, की तू असं कधीच करणार नाहीस. आम्ही सांगून सांगून थकलो."

"मी नाही सांगणार," बाई म्हणाल्या.

"का पण?"

"मी सांगितलं तर त्यांना बरं वाटेल, संध्याकाळपर्यंत. उद्या परत विचारतील. खाजवलं की गोड वाटतं आणि खाज वाढते, तसंच आहे हे. याला ओसीडी म्हणतात. विचार येतो, भीती वाटते, मग माणूस खात्री मागतो. खात्री मिळाली की भीती तेवढ्यापुरती बसते, आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट होऊन येते. तुम्ही सगळे वर्षभर त्यांना प्रेमाने खाजवताय."

"मग तुम्ही करणार काय?"

"ज्याची भीती वाटते तेच त्यांनी करायचं. थोडं थोडं, त्यांना झेपेल तसं. आणि खाजवायचं नाही. तपासायचं नाही, विचारायचं नाही. आणि तुम्ही कुणी 'काही होणार नाही' असं म्हणायचं नाही. विचारलंच तर म्हणायचं, माहीत नाही."

आता याला काय म्हणावं! बुडणाऱ्या भावाने ओरडून विचारायचं आणि आपण काठावरून सांगायचं, माहीत नाही बुवा. बारक्याला बाईंचा असा राग आला की त्याने चहाचा दुसरा कप विचारलासुद्धा नाही. पण दादा मात्र खुर्चीच्या हातावर बसून खाली बघत ऐकत होता, आणि हळूच म्हणाला, "करतो."

पहिल्या सुट्टीला नुसता वस्तरा समोर ठेवला, उघडा, नवं पातं घालून. दादाने त्याच्यासमोर बसून राहायचं. दुसरं काही नाही. त्याचा सदरा पाठीला चिकटला, पण तो बसला. पुढच्या वेळी बाईंनी विचारलं, नवीन माणूस वस्तरा शिकतो कशावर? दादा म्हणाला, फुग्यावर. फुग्याला साबण लावायचा आणि तो न फोडता साबण उतरवायचा. बारक्याला त्यानेच तसं शिकवलं होतं. मग फुगा आला. दादाचा हात इतका थरथरत होता की फुगा फाटकन फुटला, बाईंच्या नाकावर साबण उडाला, आणि दादा केवढ्यांदा किंचाळला! मग बाई नाक पुसत म्हणाल्या, "याचा गळा गेला," आणि वहिनी हसायला लागली. दादाही हसला. वर्षभरात वहिनीने त्याला हसताना बघितलं नव्हतं. तिने हसता हसता तोंड फिरवून डोळे पुसले.

मग ते वाक्य मोठ्याने म्हणायचं. "मी गळा कापीन." दादाला ते उच्चारता येईना. ओठ हलायचे, आवाज फुटायचा नाही. बाई थांबून राहायच्या. शेवटी ते बाहेर पडलं, मग पुन्हा, मग पुन्हा, इतक्या वेळा की बारक्याला ते शब्द निरर्थक वाटायला लागले, जसं एखादं नाव फार वेळा घेतलं की होतं.

आणि मग ती सकाळ. बाई पिशवी बाकड्यावर ठेवून सरळ दादाच्या खुर्चीत जाऊन बसल्या आणि मान मागे टाकली.

"लावा साबण."

"बाई, तुम्हाला कुठे दाढी..." दादा चाचरला.

"दाढी नाही तर नाही. साबण तर उतरवायचा आहे."

बारक्या आरशाशेजारी उभा होता. बाईंचा गळा बारीक होता, कातडी सैल, आणि फेसाच्या कडेला एक शीर उडताना स्पष्ट दिसत होती. या बाईला दादा ठाऊक आहे तो किती? चार भेटींचा. आणि ज्या माणसाने तोंडाने सांगितलंय की मला गळा कापावासा वाटतो, त्याच्या हाताखाली ती गळा देऊन बसलीये, छताकडे बघत, हात मांडीवर मोकळे ठेवून. बारक्याचा राग कुठल्या कुठे गेला. एवढी हिंमत त्याने आजवर बघितली नव्हती, आणि ती ना ओरडत होती ना मिरवत होती. नुसती बसली होती.

दादाने वस्तरा टेकवला. त्याच्या कपाळावरून घाम टपटपत होता. त्याने मान वळवून बारक्याकडे बघितलं. नुसतं बघितलं, पण त्या बघण्यात सगळं होतं. सांग ना रे. एकदा सांग.

तोंडाने सांगायचं नाही असं ठरलं होतं. कात्रीबद्दल कुणी काही बोललं नव्हतं. बारक्याच्या हातात कात्री होतीच, ती नेहमीच असते. कच कच. दोनदा, झटक्यात. सगळं ठीक, चालू दे.

दादाचे खांदे सैल झाले. वस्तरा हलला. साबण उतरला.

त्यानंतर गाडी सुसाट सुटली. पुढच्या वेळी पुन्हा बाई बसल्या, मग वहिनी बसली. दादा घाबरायचा, बारक्याकडे बघायचा, कच कच, आणि हात चालू. बारक्याला वाटलं, झालं, जिंकलो. आता मामाला फोन करून सांगायचं की दुसरा माणूस बघ.

पण बाई खूश दिसेनात. त्या दिवशी वहिनीच्या गळ्यावरचा साबण उतरल्यावर त्यांनी दादाला विचारलं, भीती किती होती? पुष्कळ. आणि आता? गेली, एकदम गेली. बाई विचारात पडल्या. "एकदम कशी जाईल?" त्या म्हणाल्या. "भीती उतरते ती हळूहळू, चढावरून दमलेलं माणूस उतरतं तशी. एकदम जाते ती कुणी काढून घेतली तरच." मग त्यांनी दुकानभर नजर फिरवली आणि ती बारक्यावर येऊन थांबली. "तुमच्या खुर्चीत तर कुणी नाही. मग तुमची कात्री कुणाचे केस कापतेय?"

बारक्याचं तोंड कानापर्यंत लाल झालं. चोरी पकडली गेली की माणूस उलटा भांडतो, तसा तो भांडला. "माझा भाऊ आहे तो! घामाने भिजलाय, हात लटपटतायत, आणि मी नुसता खांबासारखा उभा राहू? काय बिघडलं दोनदा कात्री वाजवली तर?"

"बिघडलं नाही. पण काही घडलंही नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. "ते तुमच्या कात्रीवर विसंबून हात चालवतायत. गोदामात कात्री कोण वाजवणार? घरी, स्वयंपाकघरात कोण वाजवणार? त्यांना खात्री मिळवायची नाहीये हो. खात्री नसताना हात चालवायचा आहे. आपण सगळे तसाच चालवतो."

"मला आहे खात्री," बारक्या हट्टाने म्हणाला. "शंभर टक्के."

"असं? मग बसा खुर्चीत."

बारक्याने कात्री खणात टाकली आणि तरातरा जाऊन बसला. त्यात काय, हजारदा याच्या हाताखाली बसलोय. दादाने ब्रश फिरवला, फेस चढला. बारक्याने मान मागे टाकली. पात्याचा गार स्पर्श गळ्याला झाला.

आणि बारक्याने खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले.

कधी नव्हे ते त्याच्या मनात आलं, खरंच ओढला तर? आपल्याला काय माहीत याच्या डोक्यात आत्ता काय चाललंय? वर्षभर सकाळ-संध्याकाळ छातीवर हात ठेवून सांगत होतो, तू असं करणार नाहीस, शंभर टक्के नाहीस. कशाच्या जोरावर सांगत होतो? ठाऊक तर काहीच नव्हतं. छतावरचा पंखा फिरत होता, बारक्याच्या घशाची गाठ वर-खाली होत होती, आणि त्याच्या लक्षात आलं की जगातली सगळी माणसं अशीच एकमेकांच्या हाताखाली मान टाकून बसली आहेत, कुणालाच काही माहीत नाही, आणि तरी बसली आहेत. घोरतायतसुद्धा! आणि हा भाऊ वर्षभर ते एकटा जागेपणी बघत होता.

"बारक्या," दादाचा आवाज आला, फाटका. "करीन का रे मी?"

"माहीत नाही, दादा," बारक्या म्हणाला. आणि हे पहिल्यांदाच खरं होतं.

वस्तरा हलला. आवंढा गिळताना कातडी सरकते हे पोराटोरांना कळतं, पण बारक्या विसरला आणि त्याने आवंढा गिळला. जबड्याखाली चुरचुरलं. आरशात त्याला दिसलं, पांढऱ्या फेसात लालभडक रेघ उतरत होती. दादाचा चेहरा कागदासारखा झाला. वस्तरा हवेत तसाच राहिला. दारापर्यंतची वाट मोकळी होती आणि दादाचे पाय तिकडे वळलेसुद्धा. बारक्याच्या जिभेवर आलं होतं, काही नाही रे, साधं खरचटलंय. त्याने जीभ दातांखाली धरली. बाई बोलल्या नाहीत. वहिनी बोलली नाही. नळाचं पाणी तेवढं ठिबकत होतं.

मग दादाने तुरटीचा खडा घेतला, ओला केला आणि जखमेवर दाबून धरला. त्याचे दात वाजत होते. पण हात तिथून हलला नाही. रक्त थांबलं. दादाने फेस पुन्हा लावला आणि उरलेली दाढी पूर्ण केली. पुन्हा वळून बघितलं नाही, पुसून तपासलं नाही. झाल्यावर तो जिन्याच्या पायरीवर जाऊन मटकन बसला आणि म्हणाला, "भीती आहे अजून. तशीच आहे."

"असू दे," बाई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर आज पहिल्यांदा आनंद दिसत होता.

मामाचा पुन्हा फोन आला, परवा निघ, खोली बघून ठेवलीये. दादाने ते बाईंना जाऊन सांगितलं. बाईंनी त्याला विचारलं, कुणाचं राहिलंय? दादाने वर जिन्याकडे बघितलं. बाई म्हणाल्या, "मग उद्या करा. मी येणार नाही. मी असले तर मीच तुमची कात्री होईन."

दुसऱ्या दिवशी दुकान उशिरा उघडायचं ठरलं. आप्पा कठडा धरून एकेक पायरी उतरले, मागे वहिनी. खुर्चीत बसल्यावर त्यांची दाढी छातीवर टेकली आणि डोकं नेहमीसारखं हलत राहिलं, नाही नाही म्हटल्यासारखं. "झाला का खांदा बरा?" त्यांनी विचारलं.

"आप्पा, खांदा कधी दुखतच नव्हता." दादा खुर्चीसमोर येऊन उभा राहिला. हे सांगायचं ठरलं नव्हतं. "तुमच्या गळ्याला वस्तरा लावला की माझ्या मनात येतं, कापावा. तुमचाच नाही, सगळ्यांचा. तुमचा जास्त. म्हणून करत नव्हतो."

वहिनीने कठडा घट्ट धरला. आप्पा थोरल्याकडे बघत राहिले. हलत्या डोक्यात डोळे तेवढे स्थिर होते.

"कापशील मला?"

बारक्याच्या गळ्यापर्यंत शब्द आले होते. दादाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण त्याने मान हलवली नाही. "माहीत नाही, आप्पा."

आप्पांनी मान मागे टाकली, दाढी हाताने वर उचलली आणि गळा मोकळा केला.

"कानाजवळ नीट कर," ते म्हणाले. "मागच्या वेळी राहिलं होतं."

देवाशपथ, असं काही बारक्या जन्मात पुन्हा बघणार नव्हता. म्हाताऱ्याने ना समजूत घातली, ना दिलासा दिला. पोटचा पोर म्हणतोय कापेन की नाही माहीत नाही, आणि याने गळा पुढे केला, वर कानाजवळचं राहिल्याची तक्रार!

दादाने आधी जंगल कात्रीने उतरवलं. मग गरम टॉवेल, मग फेस. वस्तरा उघडला. आप्पांचं डोकं थरथरत होतं, आणि अशा डोक्याला दाबून धरायचं नसतं, त्याच्याबरोबर हलायचं असतं. दादाने ते डोकं आपल्या पोटाशी टेकवलं आणि दोघं एका लयीत हलायला लागले. वस्तरा कानाजवळून निघाला, गालावरून उतरला, जबड्याला वळसा घालून गळ्यावर आला. तिथे तो थबकला. दादाचे ओठ पांढरे पडले.

"आलाय," तो स्वतःशीच पुटपुटला. "ओरडतोय. ओरडू दे." आणि वस्तरा गळ्यावरून खाली आला, स्वच्छ, एका ओढीत. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. कुणाकडे बघणं नाही, कुणाला विचारणं नाही. बारक्या बघत होता आणि त्याला कळत होतं की भाऊ बरा झालेला नाही, तो तसाच घाबरलेला आहे, जितका पहिल्या दिवशी होता तितकाच, आणि हात चालतोय. घाबरून पळणारे त्याने पुष्कळ बघितले होते. घाबरलेल्या हाताने इतकं नाजूक काम करणारा माणूस तो पहिल्यांदाच बघत होता, आणि तो त्याचाच भाऊ होता.

एक बाजू झाली. दादाने टॉवेलने गाल पुसला आणि तो थांबला. वस्तरा खाली आला. थांबला तो थांबलाच.

बारक्याला वाटलं, गेलं, एवढं करून शेवटी हातपाय गाळले. त्याने पुढे होऊन आरशात बघितलं, आणि मग त्यालाही दिसलं.

दाढीखाली आप्पा राहिलेच नव्हते. गाल आत गेले होते, जबड्याचं हाड वर आलं होतं, तोंडाशी खोल सुरकुत्या पडल्या होत्या ज्या मागच्या वर्षी नव्हत्या. अर्धा चेहरा साबणाखाली, आणि उघडा पडलेला अर्धा कुणा भलत्याच म्हाताऱ्याचा. वर्षभर सगळे त्या दाढीला हसत होते, आणि आत माणूस झिजत होता.

"आप्पा," दादा म्हणाला, "केवढे वाळलात हो तुम्ही."

"मग? वर्षभर तू बघितलंस कुठे?"

दादाने वस्तरा बंद करून बाजूला ठेवला आणि दोन्ही हातांनी तो चेहरा धरला, साबणासकट. तो रडायला लागला, मोठ्याने, लहान पोरासारखा. ही भीती नव्हती, हे बारक्याला सांगावं लागलं नाही. गेलेल्या वर्षासाठी तो रडत होता. वहिनी पायऱ्या उतरून खाली आली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. आप्पांनी त्याला रडू दिलं. बराच वेळ दिलं. शेवटी साबण वाळून गालाला ओढ बसायला लागली तेव्हा ते कुरकुरले.

"अरे, दुसरी बाजू कुणी करायची? मामाने?"

दादाने डोळे पुसले, ब्रश पुन्हा पाण्यात बुडवला आणि वाळलेल्या साबणावर नवा फेस चढवला.